गरम बॉनेट

चंदीगडहून बदली झाली तेव्हा मी माझी जुनी डिझेल गाडी विकायला काढली. अडीच लाख किलोमीटर पळालेली. थंडीत सकाळी सुरू करताना ती खोकायची, निळा धूर ओकायची. एकदा इंजिन तापलं की मात्र अगदी शहाणी. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी मी तिला मुद्दाम अर्धा तास फिरवून आणायचो.

झिरकपूरच्या एका सरदारजींनी बॉनेटवर हात ठेवला, "गरम क्यों है जी?" म्हणाले आणि चहाही न घेता निघून गेले. मलाच त्यांचा राग आला!

मग सेक्टर २२मध्ये नव्यानं राहायला आलेला साताऱ्याचा एक मुलगा आला, ऑफिसातल्या ओळखीनं. त्यानंही बॉनेटवर हात ठेवला.

"काका, आत्ताच बाहेरून आलात वाटतं?"

"हो, भाजी आणायला गेलो होतो."

"इंजिन थंड असताना बघावं म्हणतात. पण तुम्ही काय, आपलेच."

किल्ली घेऊन तो वाकून माझ्या पाया पडला. आणि मी, निर्लज्ज माणूस, त्याच्या डोक्यावर हात ठेवून "सुखी राहा" म्हणालो.