इतवाऱ्यातलं ग्लुकोज

परवा धावण्याचा सराव करणाऱ्या नातीने ताकदीच्या पावडरीचा डबा उघडला, आणि त्या गोडसर, कोरड्या वासाने मला बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातली एक दुपार आठवली. संस्थानं विलीन होत होती, त्या वर्षांतली गोष्ट. मी दहा वर्षांची होते. धाकट्या बहिणीला पहाटेपासून जुलाब-उलट्या होत होत्या आणि डॉक्टरांनी ग्लुकोज पाजायला सांगितलं होतं. शाळेत विज्ञान शिकवणारे माझे वडील मला घेऊन बाजारात गेले. दुकानदाराने सुटी पावडर कागदावर काढली. “गुरुजी, असली माल आहे, फिकर नका करू.” वडिलांनी चिमूटभर जिभेवर ठेवली. “ग्लुकोज गार लागतं. हे लागत नाही.” शेजारच्या दवाखान्यातून त्यांनी थोडं आयोडीन मागून आणलं. त्याचा थेंब पडताच पावडर निळी झाली. “मैदा मिसळलाय,” ते म्हणाले. मला त्यांचा केवढा अभिमान वाटला! मग भर उन्हात आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात गेलो. तिथली पावडर मीही चाखली. जीभ खरंच गार पडली. ती घेऊन परतलो, तर गल्लीच्या तोंडाशीच आईचा हंबरडा ऐकू आला. वडील पुडी मुठीत धरून तिथेच उभे राहिले. त्यानंतर त्यांनी कुठलीच वस्तू कधी पारखून घेतली नाही. दुकानदार देईल ते पिशवीत घालून आणत, किडकी डाळसुद्धा. आई ती मुकाट्याने निवडत बसे. तुम्ही चुकला नव्हता, एवढं त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. मी मोठी झाले, शिकले, तरी मीही ते सांगितलं नाही.