प्लेट्स, ग्लास, टिश्यू

सिंकखालचं दार उघडलं आणि आत माझंच पातेलं दिसलं.

ब्लीचच्या बाटलीशेजारी ठेवलेलं. फरशी पुसायच्या फडक्यामागे. गाडीत झाकण उडू नये म्हणून मी घरून टेप लावून आणली होती, ती तशीच होती. कोणी उघडून वाससुद्धा घेतला नव्हता.

रविवारची दुपार होती. डब्लिनजवळच्या सोर्ड्समधला भाड्याने घेतलेला हॉल. बाहेर आमच्या मराठी मंडळाची साठेक माणसं, आत स्वयंपाकघरात मी एकटी. कुणाच्या तरी मुलाने ज्यूस सांडला होता. पुसायला काही मिळतंय का बघत मी एकेक प्रेस उघडत होते. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता आम्हीही तसंच म्हणतो.

मृणालताई मागून आली. मंडळाचं सगळं तीच बघते. हॉल, याद्या, नाटकं, सूत्रसंचालन.

"अगं, ते होय. बाहेर टेबलावर जागाच नव्हती."

टेबलावर जागा होती. मी स्वतः टेबलं जोडली होती. मी नुसती तिच्याकडे बघत राहिले. मग तिने आवाज खाली आणला.

"हे बघ, मी स्वतः काही मानत नाही. पण काहीजणींच्या सासूबाई आल्यात इंडियाहून. सगळ्यांचा विचार करावा लागतो. तू समजूतदार आहेस."

माझ्या दंडावर थोपटून ती बाहेर गेली. नाटक सुरू व्हायचं होतं.

मी तिथेच फरशीवर बसले. पातेल्यात पाटवडी रस्सा होता. आमच्या विदर्भातला. पहाटे उठून केलेला. शाकाहारी. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे एकजण म्हणाला, नॉनव्हेज असेल म्हणून बाजूला ठेवलं असेल.

मी डॉक्टर आहे. डब्लिनच्याच टॅला भागात राहते, इमर्जन्सीत काम करते. या हॉलमधल्या निम्म्या मुलांच्या घशात मी टॉर्च मारून पाहिलंय. ताप आला की फोन, पुरळ आलं की फोटो. मृणालताईच्या वडिलांच्या छातीत दुखलं तेव्हा त्यांचा हात हातात धरून ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मीच बसले होते. तेव्हा कुणाच्या सासूबाईंचा विचार करावा लागला नाही.

आणि मी किती मूर्ख. दोन वर्षं मला कळलंच नाही.

मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाआधी व्हॉट्सॲपवर यादी येते, कोण काय आणणार. पहिल्या वर्षी माझ्या नावासमोर पोहे होते. लोकांनी बोटं चाटून खाल्ले, दोघीतिघींनी रेसिपी मागितली. आमचं आडनाव असं आहे की त्यावरून काही कळत नाही. मग आई आली अकोल्याहून, तीन महिन्यांसाठी. मी तिला हौसेने कार्यक्रमाला नेलं. ती दारातच उभी राहिली, हात जोडले आणि सगळ्यांना म्हणाली, "जय भीम."

दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग कुणीतरी म्हणालं, "नमस्कार, नमस्कार." आईला खुर्ची दिली, चहा दिला.

पुढच्या यादीत माझ्या नावासमोर लिहिलं होतं: प्लेट्स, ग्लास, टिश्यू. त्यानंतरच्या प्रत्येक यादीत तेच. मृणालताई म्हणाली, "तू ड्यूट्या करून दमतेस गं, तू कशाला शिजवत बसतेस." मला भरून आलं होतं. परक्या देशात आपली काळजी घेणारं कोणीतरी आहे म्हणून मी तिला मिठी मारली होती. ते आठवलं की आज अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

या वेळी लिक्सलिपच्या एका कुटुंबात आजारपण निघालं, त्यांचे छोले रद्द झाले. मी ग्रुपवर लिहिलं, मी पाटवडी रस्सा आणते. कोणी अंगठा दिला नाही. मला वाटलं, गडबडीत असतील.

बाहेर टाळ्या वाजल्या. मी उठले. माझी सावी नाटकात होती. दहा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र डब्लिनच्या इंग्रजीत. तिने आठवडाभर मराठी वाक्यं पाठ केली होती. ती बघायला मी गेलेच असते, सिंकखाली काहीही असो.

नाटक अमेरिकेवर होतं. मुलांच्या शाळेत सध्या तोच इतिहास चालू आहे, म्हणून मृणालताईने विषय घेतला होता, अमेरिका बदलणारी माणसं. तिनेच लिहिलेलं. चार काळे विद्यार्थी एका दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसतात. ती जागा गोऱ्यांची. ते कॉफी मागतात. त्यांना वाढत नाहीत. ते उठत नाहीत. दुसऱ्या दिवशी जास्त येतात. मग गावोगाव मुलं अशी बसायला लागतात.

मला ही गोष्ट लहानपणापासून माहीत आहे. माझे बाबा अकोल्याला रेल्वेत होते. अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीबद्दल ते घरच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायचे. त्यांच्याकडे वर्तमानपत्राची कात्रणं होती, जेवताना वाचून दाखवायचे.

मी नवऱ्याशेजारी जाऊन बसले. त्याच्या कानात सांगितलं, माझं पातेलं सिंकखाली ठेवलंय. तो समोरच बघत राहिला. मग म्हणाला, "जाऊ दे ना."

"तुला आश्चर्य नाही वाटलं?"

"मला माहीत होतं. यादीचं. दोन वर्षांपासून." आणि मग, "इथे आपलं दुसरं कोण आहे? सावीला मराठी कुठे ऐकायला मिळणार?"

तो आमच्यातलाच आहे. त्याच्याही आजीने आयुष्यभर दुसऱ्यांनी वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलंय. डोक्यात तिडीक गेली. मृणालताईचा मला राग आला होता. याच्याबद्दल जे वाटलं त्याला राग हा शब्द पुरत नाही.

समोर सावी उंच स्टुलावर बसली होती. "एक कॉफी, प्लीज," ती म्हणाली. वेटर झालेल्या मुलाने म्हटलं, "तुम्हाला इथे वाढत नाही." बाकीच्या मुलांनी तिच्या डोक्यावर कागदाचे तुकडे टाकले. ती हलली नाही. हातसुद्धा वर केला नाही. हॉलमध्ये काही बायका डोळे पुसत होत्या. ज्यांच्या सासूबाई आल्या होत्या, त्याही.

मग मृणालताईने माइक घेतला. "चार मुलं खुर्चीवरून उठली नाहीत, म्हणून एक देश बदलला. मुलांनो, आपणही इथे ब्राउन आहोत. बसमध्ये कोणी आपल्याला गो होम म्हणतं, तेव्हा किती लागतं ना? म्हणून अन्यायासमोर कधी मान खाली घालायची नाही."

टाळ्या. कडकडून. काळ्यांचं दुःख यांनी असं अंगावर घेतलं होतं, जणू शंभर पिढ्या यांनीच कापूस वेचला होता.

सावी स्टुलावरून मला शोधत होती. सापडले तशी हसली. तेव्हा मला कळलं की आता मी गप्प जेवले, तर ही मुलगी आज दोन गोष्टी शिकणार. एक स्टेजवरची आणि एक आईची. आणि आयुष्यभर आईचीच लक्षात ठेवणार.

मी स्वयंपाकघरात गेले. पातेलं उचललं, वर आणलं, टेप काढली. बाहेर जेवणाच्या लांब टेबलाच्या सुरुवातीला, पुऱ्यांच्या आधी ठेवलं. शेजारी खुर्ची ओढली आणि बसले. रांग लागायला लागली होती.

मी मोठ्याने म्हटलं, "हे पातेलं सिंकखाली ठेवलं होतं. माझ्या जातीमुळे. आम्ही पूर्वीचे महार, आता बौद्ध. ज्याला माझ्या हातचं चालत नाही, त्याने माझ्यासमोर येऊन तसं सांगावं."

एका लहान मुलाने विचारलं, "वॉट्स महार?" त्याच्या आईने त्याला ओढून नेलं.

मग सगळे एकदम बोलायला लागले. मुलं भुकेली आहेत. आज नको. गैरसमज झालाय. मृणालताईचा नवरा म्हणाला, "सगळं ग्रँड चाललं होतं यार, इथे आयर्लंडमध्ये कुठे जात आणतेस?"

"मी नाही आणली," मी म्हटलं. "ती सिंकखाली होती. मी फक्त वर घेतली."

समोर येऊन मात्र कोणी सांगितलं नाही, चालत नाही म्हणून. तेवढी हिंमत नव्हती. त्यांनी दुसरंच केलं. रांग उलटी फिरवली. कोणी सांगितलं ते दिसलं नाही, पण लोक प्लेट्स घेऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथून वाढून घ्यायला लागले. आधी गुलाबजाम, मग भात, मग भाजी, मग पुरी. आणि पुरीपाशी वळून परत. शिकलेली माणसं. इंजिनिअर, डॉक्टर. माझ्या पातेल्यापर्यंत यायला नको म्हणून आधी गोड खाणारी. प्लेट्स मी आणलेल्या होत्या. त्या चालत होत्या.

मी बसून राहिले.

सावी आली. केसांत अजून कागदाचे तुकडे. तिने माझ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, उलट्या रांगेकडे पाहिलं. मुलं मूर्ख नसतात.

"मॅम, विल आय सिट विथ यू?" इथली मुलं आईला मॅम म्हणतात.

"बस."

तिने खुर्ची ओढली. मी तिला वाढलं, मला वाढून घेतलं. साठ माणसांसमोर आम्ही दोघी जेवलो. सावकाश. मी नवऱ्याला शोधलं. तो रांगेत होता. त्याच्या प्लेटमध्ये पुरी होती. आमच्यापासून चार हातांवर तो उभा होता. तिथून पुढे आला नाही, मागेही गेला नाही. सावीनेही ते पाहिलं.

सोमवारी ग्रुपवर मृणालताईचा मेसेज आला. पुढच्या महिन्यापासून घरून कोणीही काही आणायचं नाही, केटरिंग मागवू, म्हणजे सगळ्यांना सोयीचं. खाली चाळीस अंगठे. बाबा सांगायचे ते आठवलं. काळ्यांना आत येऊ द्यावं लागेल म्हटल्यावर अमेरिकेतल्या काही गावांनी पोहण्याचे तलावच बंद करून टाकले. स्वतःच्या पोरांनाही पोहू दिलं नाही.

आईला फोन केला. सांगायचं नव्हतं, पण तिने आवाजावरून ओळखलं. सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मी जय भीम म्हटलं म्हून झालं काय व माय हे?"

"नाही आई."

"तू काहून रडून राहिली? पुढच्या वेळी तू म्हण. माह्यापेक्षा मोठ्यानं म्हण."

शनिवारी दुपारी मी किचनमध्ये दोन खुर्च्या मांडल्या. सावी आणि मी बसलो. नवऱ्याला समोर उभं केलं. काउंटरवर बसायच्या आधी अमेरिकेतल्या काही गावांतली मुलं तालीम करायची, हे मी सावीला वाचून दाखवलं होतं. त्यांचेच मित्र त्यांना शिव्या द्यायचे, केस ओढायचे, तोंडावर धूर सोडायचे. खऱ्या जागी उठायचं नाही आणि हातही उचलायचा नाही, याची सवय व्हावी म्हणून.

"तू मंडळ हो," मी नवऱ्याला म्हटलं. "ते काय काय बोलतील, ते बोल. तुला चांगलं माहीत आहे."

तो पुटपुटला काहीतरी.

"मोठ्याने."

"मला नाही जमत हे."

"दोन वर्षं गप्प बसायला जमलं. आता बोल."

तो बोलला. एकेक वाक्य. चेहरा पांढरा पडला होता. सावी माझ्या शेजारी ताठ बसून त्याच्याकडे बघत होती, एकदाही नजर न हलवता. पाच वेळा केलं. उद्या पुन्हा करणार आहोत.

पुढच्या महिन्यात केटरिंगवाल्याचं टेबल लागेल. मी शिजवून नेणार आहे. हॉल बदलला तर त्या हॉलमध्ये नेणार आहे. ग्रुपमधून काढलं तर न विचारता जाणार आहे. नवरा आला तर त्याची खुर्ची आहे, नाही आला तर दोन पुरे आहेत. कोणी खावं अशी माझी अपेक्षा नाही. दर महिन्याला त्यांना माझ्यासमोरून जावं लागेल, आणि जाताना माझ्या मुलीच्या डोळ्यांत बघावं लागेल, एवढी व्यवस्था मी करणार आहे.