दुकानातला दुसरा कारागीर

माझ्या धाकट्या दिरांच्या सलूनात कारागीर दोनच. एक भाऊजी स्वतः, दुसरा काचेच्या पेटीत. बोटाएवढा मासा, अंग निळंशार, आणि तोंडापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा, काजळाचं बोट ओढावं तसा. मूळचा समुद्रातल्या प्रवाळातला. काम काय, तर दुसऱ्या माशांच्या अंगावरच्या बारीक किडी टिपून खायच्या. हा नाचत आला की पेटीतला थोराड मासा आ करून गप्प उभा, आणि हा खुशाल त्याच्या जबड्यात!

"बघा वहिनी, माझाच धंदा करतो."

"हो, पण तोंड बंद ठेवून करतो. शिका जरा!"

कधी हावरटपणा करून तो किडीऐवजी कातडीच तोडायचा. थोराड दचकायचा. मग मागे थांबलेले मासेही हळूच सटकायचे. आम्ही पोट धरून हसायचो.

मग भाऊजींचा उजवा हात थरथरायला लागला.

"चहाचा कप कसला नाचवताय? लग्नबिग्न ठरवलंत की काय या वयात?" मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "औषधाचा गुण नाही, वहिनी. दुकान गेलं तर काय करू? मला दुसरं काही येत नाही हो."

मी डबा द्यायला गेले त्या दिवशी बाक भरलेला होता. खुर्चीत शिंपी, गळ्यावर वस्तरा. शिंपी दचकला. रक्ताचा एवढासा ठिपका.

"असू दे हो, होतं असं," बिचारा म्हणाला. पण बाकावरच्या एकाला फोन आठवला, दुसऱ्याला गॅस. बघता बघता बाक रिकामा. नंतर तो भरलाच नाही.

शेवटी आमचे हे गेले, मी मागोमाग. थोरला भाऊ ना! खुर्चीत बसले, मान मागे टाकली, डोळे मिटले. "कर दाढी."

भाऊजींनी फेस लावला. वस्तरा उघडला. हात गळ्यापाशी नेला आणि तसेच उभे राहिले. पेटीत थोराड मासा आ करून उभा होता, आणि निळा आत शिरत होता.

"कर की रे. मी हलणार नाही."

"म्हणूनच नको, दादा."

त्यांनी वस्तरा मिटून माझ्याच हातात दिला आणि दिवा घालवला.

आमचे हे तोंडावर तसाच फेस घेऊन घरी आले. वाटेत कुणी हसलं नाही, मीसुद्धा नाही. कानामागचा वाळलेला फेस मीच पदराने पुसला.