शंभर कोंबड्यांची लस

धाकटीची पहिली कोंबडी अंड्यांवर सव्वीस दिवस बसून मेली. ती थोरल्या जावेच्या थट्टेपायी मेली, असं धाकटीचं त्या दिवसापासूनचं ठाम मत. गल्लीत कुणाला ते पटलं नसतं, म्हणून ती कुणाला बोललीही नाही.

घर मुळात एकच, मधे भिंत घालून दोन केलेलं. पुढच्या खोलीत धाकटी आणि तिचा नवरा इस्त्रीचं दुकान चालवायचे. लाकडी टेबल, त्यावर घोंगडी, घोंगडीवर जुनी चादर, आणि भिंतीला दोन्ही अंगांनी गाठोड्यांच्या फळ्या. मागचं अंगण मात्र वाटलेलं नव्हतं. मधे कपडे वाळत घालायची तार होती, तीच हद्द. तारेपलीकडे थोरलीच्या अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा. थोरलीचा हात कोंबड्यांना मानवतो, असं गल्लीत म्हणायचे आणि थोरली ते ऐकून घ्यायची. कुणाची कोंबडी लंगडली की तिला बोलावणं. ती यायची, पदर खोचायची, कोंबडी उलटी धरून पाहायची आणि मालकिणीलाच दोन शब्द सुनावून जायची.

धाकटीनं हौसेनं एक तपकिरी कोंबडी आणली. चार महिन्यांनी ती खुडूक बसली, म्हणजे अंडी द्यायची थांबली आणि रिकाम्या टोपलीत पिसं फुलवून जागा धरून राहिली. आदली अंडी तर खाऊन झालेली. धाकटी तारेपाशी गेली.

"ताई, उबवायला अंडी द्याल का हो?"

"देते की! त्यात काय मोठंसं? तेरा घाल. एवढ्याशा कोंबडीखाली जास्त मावायची नाहीत." आणि अर्ध्या तासात थोरली स्वतः टोपली घेऊन आली. चेहऱ्यावर हसू. धाकटीला वाटलं, मायेचं आहे.

एकवीस दिवस झाले. बावीस झाले. गल्लीतला कंपाउंडर रोज पॅन्ट इस्त्रीला टाकायचा, तो म्हणाला, "काय वहिनी, दिवस भरले तरी डिलिव्हरी नाही? सिझेरियनची तयारी ठेवू का?" दुकानात बसलेल्या दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. धाकटीही हसली. हेच तिला पुढं जास्त लागलं, की त्या सगळ्यांबरोबर आपणही हसलो.

सव्विसाव्या दिवशी तिनं एक अंडं फोडलं. आत पांढरं रबरासारखं घट्ट, बलकाभोवती काळपट हिरवं कडं, आणि वास असा की तिनं नाकाला पदर लावला. दुसरंही तसंच. तेराच्या तेरा उकडलेली.

थोरली खिडकीतच होती. "अगं बाई! अजून कळलं नव्हतं का तुला? मला वाटलं दोन दिवसांत ओळखशील. अंड्याला फरशीवर नुसती गिरकी दिली असतीस तरी कळलं असतं गं, उकडलेलं भोवऱ्यासारखं फिरतं! गंमत केली." मग शेजारणीकडे वळून, पण धाकटीला नीट ऐकू जाईल अशा बेतानं, "काही काही घरांत उबतच नाही काही."

धाकटीच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. घरात दोघंच.

तिनं कोंबडीला उचलून खाली ठेवलं, तर ती पुन्हा त्या फुटक्या अंड्यांकडे निघाली. तुरा फिकट पडला होता, आणि हातात घेतली की पिसांखाली काही आहे की नाही असं वाटायचं. कण्या ठेवल्या, पाणी ठेवलं. तिनं दोन दाणे टिपले आणि चौथ्या दिवशी मान टाकली. धाकटीनं तिला भिंतीकडेला पुरलं. संध्याकाळी देवापुढे बसली तेव्हा रोजच्यासारखं घरादाराचं सुख मागायला गेली आणि तोंडून भलतंच निघालं, "हिला एकदा कळू दे. एवढंच." देवाकडे असलं मागू नये हे तिला ठाऊक होतं. पण मागितलं आणि बरं वाटलं.

बिनकोंबडीची पिल्लं काढायची, आणि तीही थोरलीचं एक अंडं न घेता, हे तिनं त्याच आठवड्यात ठरवलं. सुरुवात कंपाउंडरपासून केली.

"औषधांचं थर्माकोलचं खोकं हवंय. आणि थर्मामीटर."

"वहिनी, थर्मामीटर तापाचं असतं."

"मला तापच मोजायचाय. आणि तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना? हसलात ना पोटभर? मग द्या आता."

कंपाउंडरनं दोन्ही आणून दिलं, वर एक जुनी टॉर्चही दिली. खोक्यात चाळीसचा बल्ब, खाली पाण्याची वाटी, झाकणाला चार भोकं. आठवडी बाजारातून चोवीस अंडी आणली. प्रत्येकावर पेन्सिलीनं एका अंगाला फुली आणि दुसऱ्या अंगाला गोल काढला, म्हणजे दिवसातून तीनदा फिरवताना चूक नको. थर्मामीटर दर वेळी झटकायला लागायचं, नाहीतर मघाचाच ताप दाखवायचं. त्याला कंटाळून तिनं स्वतःची रीत काढली. वीस वर्षं इस्त्री धरून तळहात असे झालेले की त्यांना गरम कळायचं ते चटका बसल्यावर. मग ती अंडं उचलून मिटल्या पापणीला लावायची. पापणीला सुखावलं तर बरोबर, टोचलं तर बल्ब वर घ्यायचा.

"काय करतेस हे?" नवऱ्यानं विचारलं.

"अंड्याचा मुका घेत नाहीये. तुम्ही कॉलर नीट करा."

सातव्या दिवशी टॉर्चवर धरून पाहिलं. एकोणिसांत लाल दोरे पसरले होते आणि मधे एक ठिपका धडधडत होता. पाच कोरी निघाली, ती तिनं काढून टाकली. आणि एकोणिसाव्या दिवशी भर दुपारी वीज गेली.

एक तास गेला, दोन गेले. बल्ब मेलेला, अंडी पापणीला गार लागायला लागली. दुकानातली विजेची इस्त्रीही थंड. तेव्हा तिला माळ्यावरची जुनी कोळशाची इस्त्री आठवली. "अहो, शेगडी पेटवा. फुंका जोरात." इस्त्रीत निखारे भरले, ती विटेवर ठेवून खोक्याच्या तोंडाशी लावली, वर घोंगडी. दर वीस मिनिटांनी निखारे बदलायचे, अंडं पापणीला लावायचं, इस्त्री बोटभर पुढं किंवा मागं. नवरा फुंकून फुंकून काळा झाला. दिवेलागणीला वीज आली तेव्हा धाकटीच्या पापण्या लाल झाल्या होत्या आणि खोक्यातून बारीक चिवचिव येत होती. कवचाच्या आतूनच.

चौदा पिल्लं निघाली. पाच आतच मेली. चौदा पुष्कळ झाली.

"आली वाटतं पोल्ट्री!" तारेपलीकडून थोरली म्हणाली. धाकटीनं चादर झटकली आणि तारेवर टाकली.

पिल्लं महिन्याची झाली तेव्हा ती जनावरांच्या दवाखान्यात गेली. खिडकीतल्या माणसानं मानमोडीची लस काढली. हा रोग आला की कोंबडीची मान पिरगळते आणि ती आभाळाकडे बघत मरते.

"किती आहेत?"

"चौदा."

"बाटली शंभर कोंबड्यांची असते, बाई. कमीची येत नाही. एकदा कालवली की दोन तास टिकते, मग फुकट. गल्लीत ज्यांच्या ज्यांच्या आहेत त्यांना घाला. डोळ्यात एक थेंब, झालं."

थर्मासमधे बर्फ घालून तिनं बाटली आणली. आधी आपल्या चौदा उरकल्या. मग ड्रॉपर घेऊन गल्लीत निघाली, कंपाउंडर कोंबड्या धरायला. सात घरं झाली. जे जे हसले होते त्यांच्याही कोंबड्यांच्या डोळ्यांत तिनं आपल्या हातानं थेंब घातला.

आठवं घर स्वतःच्या भिंतीला लागून. कंपाउंडरला रस्त्यावर उभं करून ती मागं गेली. थोरली पाठमोरी बसून कण्या निवडत होती, अकरा कोंबड्या आणि कोंबडा तिच्याभोवती. धाकटीनं तोंड उघडलं. "ताई" एवढा शब्द जिभेवर आलाही. थोरली एका कोंबडीला म्हणत होती, "बस गं, बस. तुझ्याखाली तरी उबू दे काहीतरी." ती कोंबडीशीच बोलत होती, कदाचित खरंच फक्त कोंबडीशी. धाकटी आल्या पावली परतली.

"थोरल्या वहिनींच्या?" कंपाउंडरनं विचारलं.

"विचारलं. नको म्हणाल्या."

"त्या कसल्या हो म्हणतात! सगळं त्यांनाच कळतं."

तापली इस्त्री मऊ कापडावरून जावी तसं ते खोटं सरळ निघून गेलं. घरी येऊन तिनं बाटली उजेडात धरली. निम्म्याच्या आसपास उरली होती. अकरा कोंबड्या आणि एका कोंबड्याला लागले असते बारा थेंब. तिनं ती मोरीत ओतली आणि वरून दोन तांबे पाणी सोडलं.

पाच महिने काही झालं नाही. धाकटीच्या कोंबड्या अंड्यावर आल्या. मग एका सकाळी थोरलीची पांढरी शिंकायला लागली. दुसऱ्या दिवशी हिरवी विष्ठा, तिसऱ्या दिवशी मान वाकडी. सहा दिवसांत तारेपलीकडचा सगळा आवाज बंद झाला. कोंबडा शेवटी गेला. गल्लीत दुसऱ्या कुणाचं एक पीसही पडलं नाही.

लोकांनी थोरलीला सोडलं नाही. तिच्याकडून आजवर ऐकून घेतलेलं सगळं फेडायला त्यांना आयतीच संधी मिळाली. "ताई, आता रडून काय उपयोग? थेंबभर औषधाला नको म्हणालात." "कसलं औषध?" थोरली विचारायची. "घ्या! आता म्हणे कसलं औषध!" दुकानात बसून बायका तिच्या नकला करायच्या, मान वाकडी करून. धाकटी पॅन्टची घडी घालत ऐकत राहायची. दोन दिवस तिला जेवण गोड लागलं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

एकदाच तिनं दोन ओल्या चादरींच्या फटीतून पाहिलं होतं. थोरली कोंबडी मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी पाजत होती. मान सरळ करायची, ती पुन्हा वळायची. पुन्हा सरळ करायची. थोरली तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती.  धाकटीनं फट बंद केली.

आठव्या दिवशी थोरली दुकानात आली. पायांत चप्पल नाही, हाताला चुना. खुराडं चुन्यानं धूत होती तशीच आलेली. कंपाउंडर बाकावर, आणखी तिघं उभे.

"कधी विचारलंस गं मला?"

 टेबलावर कुणाची तरी निळी साडी अर्धी पसरलेली. धाकटीनं इस्त्री उभी केली. 'त्या दिवशी नळापाशी विचारलं की' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. सगळ्यांनी तिचंच खरं धरलं असतं आणि थोरली जन्मभर खोटारडी ठरली असती. पण मग ते कुणी केलं, कशापायी केलं, हे थोरलीला कधीच कळलं नसतं. रोग आला आणि गेला, एवढंच तिच्या लेखी.

"नाही विचारलं, ताई. अंगणापर्यंत आले आणि परत गेले. अंडी उकडलेली आहेत हे तुम्ही तरी मला कुठं सांगितलंत?"

कंपाउंडरनं खाली पाहिलं.

"ती गंमत होती गं!"

"सव्वीस दिवसांची?"

"एका कोंबडीपायी अकरा मारल्यास?"

"बारा. कोंबडा धरून."

थोरलीनं हाताचा चुना पदराला पुसला.  मग ती म्हणाली, "माझे कपडे दे." धाकटीनं फळीवरून तिचं गाठोडं काढलं, गाठ सैल झाली होती ती घट्ट केली आणि दिलं. थोरली गेल्यावर बाकीचेही एकेक करून उठले. कंपाउंडर पॅन्ट न घेताच गेला.

"हे बरं नाही केलंस," नवरा म्हणाला.

"माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. ती साडी पुरी करायचीय, पाणी शिंपडा."

आज धाकटीकडे एकतीस कोंबड्या आहेत. उबवायला अंडी हवीत की गल्ली तिच्याकडे येते, आणि ती प्रत्येकीला सांगते, घेण्याआधी एक फोडून बघ. थोरलीनं पुन्हा कोंबडी पाळली नाही. दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानातून अंडी आणते आणि धाकटीच्या दुकानासमोरून जाताना पिशवी दुसऱ्या हातात घेते. दोघी बोलत नाहीत.

लसीची गोष्ट उघड झाली त्या संध्याकाळी धाकटी देवापुढे बराच वेळ बसली. मागायला काही उरलं नव्हतं. मग तिनं कोंबड्यांची माफी मागितली, एकेकीला आठवून. पांढरी, लंगडी, ती मोडक्या नखाची, दोघी काळ्या, एकमेकींना चोची मारणाऱ्या तिघी, शेपटी झडलेली, करडी, सारखी तारेखालून इकडं येणारी ती ठिपक्यांची, आणि कोंबडा. सगळे बाराजण झाले. त्यानंतर थोरलीचं नाव यायला हवं होतं. ते ओठाशी आलं, आणि तिनं तोंड मिटून घेतलं. तशी ती दर संध्याकाळी बसते. ते नाव अजून राहिलेलं आहे, आणि तिला घाई नाही.