काजूच्या बागेतला कौल

गुणाजी गुरव दिवसा सरकारी माणूस आणि संध्याकाळी देवाचा. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात काजूची एक प्रयोगाची बाग होती. तिथे तो खाकी चड्डी घालून साहेबांच्या हाताखाली राबायचा आणि दिवेलागणीला रवळनाथाच्या गाभाऱ्यात बापाच्या मागे उभा राहायचा. यात काही अडचण आहे असं त्याला कधी वाटलं नाही. देवाने दोन हात दिलेत ते कशाला, असं त्याचं म्हणणं.

अडचण एकसष्ट साली आली. मोहर करपवणाऱ्या किडीवर नवं औषध निघालं होतं. लेलेसाहेबांनी सांगितलं, निम्म्या झाडांवर फवारायचं, निम्म्यांवर नाही, आणि कुठल्या ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. आपली आवडनिवड मध्ये नको. पण जमीन पडली देवस्थानची. देवाला विचारल्याशिवाय विष मारू देणार नाही म्हणून मानकरी अडून बसले. तेव्हा गुणाजीने झाडागणिक कौल लावायचा ठरवला. मूर्तीवर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पाकळ्या लावायचा मान त्याच्या बापाचा, आबांचा. साहेब देव न मानणारे. ते खो खो हसले आणि म्हणाले, चिठ्ठी काय नि पाकळी काय, दोन्ही योगायोगच.

मोसम संपला. औषध मारलेल्या झाडांना काजू कमीच धरले. औषध निकामी आहे, असं साहेब वर कळवायला निघाले. गुणाजी हिरमुसून घरी आला आणि देवाने निवडलेलीच झाडं मागे पडली, असं जेवताना बोलून गेला. आबा निवांत भात कालवत होते.

"पडतलीच," ते म्हणाले. "बरी झाडां मी बाजूक काढलंय. तां ईख बऱ्या झाडांवर कित्याक?"

चांगल्या झाडांना विष नको म्हणून आबांनीच त्यांची डावी पाकळी आधी पाडली होती. आपण लबाडी केली असं आबांच्या ध्यानीमनीही नव्हतं. पाकळी किती दाबायची ते बोटाला आपोआप कळतं आणि त्या बोटात देवच असतो, हे ते आपल्या बापाकडून शिकले होते.

आता गप्प बसावं तर चांगलं औषध वाया जाणार आणि गावाचा मोहर दरसाल करपणार. बोलावं तर आबांनी जन्मभर लावलेल्या कौलांवर गाव बोट ठेवणार. किती लग्नं, किती वाटण्या त्या कौलांवर ठरल्या होत्या. गुणाजी घरात आबांना टाळू लागला आणि बागेत साहेबांना. हे त्याने एकट्या मला सांगितलं होतं; मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा. मुकाट चिठ्ठ्या टाकायला काय धाड भरली होती?

शेवटी तो साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, तो योगायोग नव्हता," तो म्हणाला. "कौल माझ्या वडलांनी दिला."

साहेबांनी तो प्रयोग रद्द केला आणि पुढच्या मोसमात चिठ्ठ्या टाकून नव्याने केला. औषध गुणाचं निघालं. पण बागेतली गोष्ट तोवर देवळात पोचली होती. आबा गाभाऱ्यातून उठले ते पुन्हा आत गेले नाहीत. पाकळ्या गुणाजीच्या हाती आल्या. मान घराण्याचा, नाही म्हणायची सोय नव्हती.

पहिला कौल मागायला आबाच आले. लोकांसारखे उंबऱ्याबाहेर हात जोडून उभे राहिले.

"बोटात देव आसा म्हणान मी जल्मभर पाकळे लावलंय," ते म्हणाले. "माझा काय चुकलां काय, इचार तेका."

गुणाजीने दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या. ‘नाही’ म्हणणारी डावी आधी पडायला उजवी किती घट्ट दाबायची, ते त्याच्या बोटाला आपोआप कळत होतं.