आकड्यावर चढवलेला गंज

तुमच्यापासून आता काय लपवायचं? जे सरकारी फायलीत शिक्क्यानिशी जमा आहे, ते चहावर सांगायला कसली लाज! घ्या, कप उचला. हसायचं असेल तर शेवटी हसा. मधेच हसलात की मला पुढचं आठवत नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. शिक्षण चौथी पास, तेही मास्तरांनी हात जोडून पुढं ढकललं म्हणून. पण खोड्या काढण्यात मी डबल ग्रॅज्युएट! एकदा आमच्या मुकादमाच्या भाकरीच्या चवडीत पुठ्ठा गोल कापून घातला. अर्धा खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "आज भाकरी जरा वातड झाली बघ."

तर माझ्या टोळीत शिवराम होता. पाटणकडचा, अबोल माणूस. पोत्यांची थप्पी अंगावर आली आणि त्याचा उजवा खांदा कायमचा गेला. माथाडीचा खांदा गेला म्हणजे काय राहिलं हो? महिनाभर घरी बसला आणि बसल्या बसल्या त्यानं एक वस्तू काढली.

पोतं ओढायचा आकडा तुम्ही पाहिला असेल. लोखंडी, टोकदार. तो पोत्यात शिरतो आणि बटाट्यातून बाहेर निघतो. मग व्यापारी आमच्या सात पिढ्यांची आठवण काढतो. शिवरामच्या आकड्याला टोकच नाही! दोन वाकडे जबडे, ते पोत्याचा कान धरतात. जितकं ओढाल तितके घट्ट. पोत्याला भोक नाही, बटाट्याला जखम नाही.

तुर्भ्याला वेल्डिंगचं दुकान होतं धर्मा घरतचं. धर्मा जासईचा. त्यानं तो बनवून दिला. शिवराम, धर्मा आणि मी सोडून कुणीही तो पाहिला नव्हता. मग तिथल्याच एका कारखानदाराच्या कानावर शिवरामनं नुसती गोष्ट घातली, वस्तू दाखवली नाही. तो म्हणाला, "पेटंट तुझ्या नावावर आण. माल मी काढतो, देखरेखीला तूच बस."

बसून करायचं काम! शिवरामच्या डोळ्यांत पाणी आलं. नाहीतर बायकापोरांना घेऊन गावी परत जायचं, एवढंच उरलं होतं.

"आप्पा," तो मला म्हणाला, "तुला यातलं कळतं ना?"

कळतं म्हणजे? मार्केटात त्यातलं मलाच तर कळत होतं! आमच्या शेजारच्या कुसुमवहिनी मोर छाप मसाला विकायच्या. त्या नावाची नोंदणी करायला त्यांची पिशवी धरून वकिलाकडं मीच गेलो होतो. वकील म्हणाला होता, "जुनी बिलं आणा, जुनी पाकिटं आणा. नावाचा वापर जितका जुना, तितका हक्क पक्का." वहिनींना मोर मिळाला. आणि तेव्हापासून हा कायदा आपणच लिहिलाय अशा थाटात मी चालायला लागलो.

"वकील कशाला?" मी शिवरामला म्हटलं. "काम एकच. आकडा जुना दाखवायचा."

"पण आप्पा, तो मागल्या महिन्यातच केलाय."

"ते तुला ठाऊक, मला ठाऊक. सरकारला काय ठाऊक?"

आता बघा, इथंच तुम्ही मला थांबवायला हवं होतं. पण तुम्ही तिथं कुठं होता!

आकडा घेऊन मी धर्माला म्हटलं, "तुमच्या जासईच्या मिठागरात हा आठ दिवस बुडवून ठेव. चांगला गंज चढू दे."

धर्मानं कपाळावर हात मारला. "आप्पा, नवी नवरी आनून तिला म्हातारी कराला निंगालास काय? येडा हाय का तू?"

"कायद्याचं काम आहे. तुला नाही कळायचं."

आठ दिवसांनी आकडा असा निघाला की जणू शिवरामच्या आजोबांनी वापरलाय. मग मी कागद केला: 'आम्ही खाली सह्या करणारे माथाडी कामगार हा आकडा गेली दहा वर्षे वापरत आहोत.' आणि सह्या गोळा करायला निघालो. एका सहीला एक वडापाव आणि कटिंग चहा. फुकट कोण खोटं बोलतो?

बाजीराव म्हणाला, "दहा वर्षं कशी? मला इथं येऊन चारच झाली."

"मग पहिली सहा वर्षं तू गावाला वापरत होतास. कर सही."

चाळीस सह्या जमल्या. मुंबईला पेटंट ऑफिसच्या बाहेर एका टायपिस्टानं इंग्रजी फॉर्म भरून दिला. त्याला मी माझा कागद जोडला, गंजक्या आकड्याचा फोटो टाचला. खिडकीवर शिक्का बसला. शिवराम माझ्या पाया पडायला लागला. मीही पाय जरा पुढंच केला.

वर्ष उलटलं आणि पत्र आलं. खुलासा करायला या.

साहेब बारीक अंगाचे, चष्मेवाले, आवाज देवळातल्यासारखा हळू. म्हणाले, "बसा काका. तुमच्या या कागदाप्रमाणे हा आकडा दहा वर्षं वापरात आहे?"

"साहेब, ते भीतभीत लिहिलंय. बारा धरा!"

"सगळं मार्केट वापरतं?"

"सगळं! आणि हा गंज बघा." मी आकडा काढून टेबलावर आपटला. साहेबांच्या कागदांवर तांबडा भुगा सांडला. "असा गंज एका दिवसात येतो का?"

साहेबांनी हळूच भुगा फुंकला. "काका, पेटंट नव्या वस्तूला मिळतं. अर्जाच्या आधी लोक उघडपणे वापरत असतील, तर ती नवी राहत नाही. तुम्ही हे जे आणलंय, ते सगळं तुमच्याच विरुद्ध आहे."

"पण मसाल्याच्या वेळी..."

"तो ट्रेडमार्क. तिथं नाव जितकं जुनं तितकं बरं, आणि वापरत राहाल, नोंद नवी करत राहाल, तोवर ते तुमचं. पेटंटचं उलटं. वस्तू नवी लागते, आणि ठरलेल्या वर्षांनी हक्क संपतो."

मी शिवरामकडं पाहिलं. वाटलं, आता शिव्या देईल. तो डाव्या हातानं उजवा खांदा चोळत म्हणाला, "राहू दे आप्पा. तू माझ्या भल्यासाठीच केलंस."

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं हो!

मी उठून हात जोडले. "साहेब, सगळं खोटं आहे. आकडा नवाकोरा होता. गंज मी चढवला, सह्या मी घेतल्या. मी थापाड्या आहे."

"दोन मिनिटांपूर्वी बारा वर्षं म्हणालात. आता थापाड्या म्हणता. तुमच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवू?"

बघा म्हणजे! जन्मात एकदा खरं बोललो, तर त्याला साक्षीदार मागितले.

पण साहेब माणूस होता. शिवरामच्या खांद्याकडं बघून त्यांनी रस्ता सांगितला. आकडा बनवल्याची वेल्डरची तारखेची पावती आणा, स्टँप पेपरवर या काकांचा कबुलीजबाब आणा, आणि त्याच माणसांकडून लिहून आणा की आधीचा कागद खोटा होता.

धर्मानं पावती शोधून दिली, वर "सांगला व्हता ना तुला" हेही दिलं. आता प्रश्न सह्यांचा. खोट्यासाठी वडापाव लागला, तर खऱ्यासाठी मटणच लागणार! धाकधुकीत मी कागद मांडला: 'आप्पांनी आमच्याकडून खोटे लिहून घेतले. ते थापा मारतात हे आम्हास पूर्वीपासून माहीत आहे.'

काय सांगू! रांग लागली! चहासुद्धा कुणी मागितला नाही. ज्यांनी पहिल्या कागदाकडं बघितलंही नव्हतं, ते पेन घेऊन आले. बाजीराव म्हणाला, "आता मला इथं पाच वर्षं झाली. तुझ्या थापा मात्र मी पाचही वर्षं वापरतोय." मुकादमानं सहीखाली लिहिलं, 'पहा: पुठ्ठ्याची भाकरी.' चहावाल्यानं केली, कुसुमवहिनी मसाला कुटायचा सोडून आल्या. घरी गेलो तर आमची शालन कमरेवर हात ठेवून दारात उभी.

"साऱ्या गावाच्या सह्या घेतल्या, आणि मला विचारलं नाही? सगळ्यात जुनी साक्षीदार मी!"

पहिल्या ओळीच्याही वर तिनं सही ठोकली.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, "आकडा नवीन होता हे पटलं. दुसरं जे लिहिलंय, त्यालाही पुरावा भरपूर आहे."

शिवरामला पेटंट मिळालं. कारखान्यात तो खुर्चीवर बसला, भिंतीवर फ्रेम लागली, पोरं इथंच शिकली. परवा आमच्याकडं चहाला आला होता. म्हणाला, "आप्पा, माझ्या पेटंटची मुदत केव्हाच संपली बघ."

मी म्हटलं, "मग त्या फायलीतला माझा कागदही रद्द झाला असेल!"

आतून शालन ओरडली, "तुमचं कुठलं पेटंट? तुमचा ट्रेडमार्क आहे. वापरात आहे तोवर चालू!"