मालिकेत मेलेली अत्ते

मालिकेतली बाई मेली, की ती वठवणाऱ्या बाईचं पुढे काय होतं, असं तुम्ही कधी विचारलंय का?

केलगेरी तळ्याकाठी सकाळी एक बाई एकटीच फिरते. कन्नड सिनेमा आणि मालिकांत तिने उमर घालवली, अभिनयाचे पुरस्कार मिळवले. शेवटची भूमिका दुष्ट सासूची. कन्नडमध्ये सासूला अत्ते म्हणतात, म्हणून सगळे तिला अत्तेच म्हणतात. हाक आली की ती मालिकेतल्यासारखी भुवई चढवते. लोक खूश होऊन पुढे जातात.

मालिकेत अत्ते मेली आणि कामाचे फोन थांबले.

काल भाजीवाली तिला म्हणाली, "अत्ते, तुम्ही गेलात ते बरं झालं बघा. सून सुटली की."

मी शेजारी उभी होते. चिडून बोलणार, तोच बाईंनी माझा हात दाबला. "असू दे गं. ती बोलते तरी. पुरस्काराच्या बातमीत फोटोखालीही अत्तेच छापलं होतं. मला नावाने हाक मारणारी एक आई होती, ती गेली."

टाळ्या वाजवून आपण माणसाचं नावच काढून घेतो. हा अन्याय आहे.

ती भेटली तर भुवई चढवायला लावू नका. नाव विचारा, आणि त्याच नावाने हाक मारा.